मामाचा दोन कोटींचा शंख

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. मंथ-एंडचा रिपोर्ट मेल केला, लॅपटॉप बंद केला आणि वीकेंडला नक्की काय करायचं यावर कँटीनमध्ये चर्चासत्र चालू असताना मामाचा फोन आला. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. राहणार भोकरदन तालुका, जिल्हा जालना. सहा एकर शेती, त्यात दीड एकर मोसंबी. मामा एरवी फोनवर पीकपाणी आणि माझं लग्न या दोनच विषयांवर बोलतो. त्या दिवशी तिसराच विषय निघाला.

"पोरी, कुणाला सांगू नको. आपल्याकडं दक्षिणावर्ती शंख निघालाय. दगड झालेला. पार्टी दोन कोटी म्हणती."

मी पहिल्यांदा हसले. मग मामाने पुढचं सांगितलं आणि हसू गेलं. 'पार्टी' दोन कोटी देणार, पण आधी शंखाची 'टेस्टिंग' होणार. मशीन बाहेरून येणार. फी चाळीस हजार, रोख, आगाऊ. आणि हे चाळीस हजार मामाने माझ्या मामेबहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला काढलेले होते.

"कधी द्यायचेत पैसे?"

"सोमवारी येतो म्हनलाय मानूस."

म्हणजे माझ्याकडे एक वीकेंड होता.

व्हॉट्सॲपवरचा फोटो

मामाने फोटो पाठवला. मळकट पांढरा, गारगोटीसारखा दगड, साधारण विटेएवढा. त्यात अंगठ्याएवढे शंख रुतलेले. एक अख्खा वर आलेला, बाकीचे अर्धेमुर्धे. हा दगड मी लहानपणापासून मामाच्या देवघरात पाहत आलेय! मामीचं माहेर नागपूरकडचं. तिच्या भावाने विहीर खोदली तेव्हा मातीच्या ढिगात तो निघाला आणि मामीबरोबर भोकरदनला आला. इतकी वर्षं त्याला रोज हळदकुंकू लागलं. दोन कोटींचा तो या महिन्यातच झाला.

आता थोडं शंखाच्या बाजारभावाबद्दल. आपण पूजेत ठेवतो तो शंख समुद्री गोगलगाईचा. तिचं शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. सौराष्ट्र-कच्छचा किनारा आणि तमिळनाडूकडचं मन्नारचं आखात, ही तिची ठिकाणं. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरलं, तर तोंड उजव्या हाताला येतं. लाखो शंखांत एखादाच उलटा निघतो, तोंड डाव्या हाताला. पूजेत शंख धरण्याची पद्धत उलटी, म्हणून धर्मशास्त्र त्यालाच दक्षिणावर्ती म्हणतं. तो दुर्मीळ आहे, त्यामुळे त्याला भाव आहे. आणि भाव आहे म्हणून त्याच्या नावाने फसवणूकही आहे.

मामाच्या दगडातल्या शंखाचं तोंड खरोखरच डावीकडे होतं. म्हणजे बघा, पार्टीने अभ्यास केला होता!

माझी एक जुनी रूममेट कॉलेजात जिऑलॉजी शिकलेली. आता ती बँकेत आहे, पण दगड दिसला की अजून तिचे डोळे चमकतात. तिला फोटो फॉरवर्ड केला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "हा समुद्रातला नाहीच! हा तर तळ्यातला. तुमच्या ऑफिसच्या रिसेप्शनला फिश टँक आहे ना? जाऊन काचेवर बघ."

रिसेप्शनचा फिश टँक

शनिवारी सकाळी मी ऑफिसात गेले. सिक्युरिटीवाल्या काकांना वाटलं, हिला काम फार आहे. टँकच्या काचेवर तपकिरी, वाटाण्याएवढ्या गोगलगाई चिकटलेल्या होत्या. पाणवनस्पतींबरोबर फुकट येतात त्या, आणि आल्या की जात नाहीत. मोबाइलने झूम केलं. टोक वर, तोंड डावीकडे. दुसरी पाहिली, डावीकडे. तिसरी, चौथी, सगळ्याच डावखोऱ्या!

या गोगलगाईंचं घराणं फायसिडी. त्यांच्यात डावं वळण हा अपवाद नाही, नियम आहे. आणि मामाच्या दगडातली गोगलगाय याच घराण्यातली मानली जाते. दख्खनच्या दगडांत ती इतकी सापडते की भूशास्त्राच्या मुलांना तिचं नाव पाठ असतं, फायसा प्रिन्सेपी. मद्रास लष्करातला डॉक्टर माल्कमसन याने जमवलेल्या नमुन्यांवरून सॉवर्बी यांनी १८४० मध्ये ते नाव छापलं. नागपुरात मिशनरी म्हणून आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर टाकळीच्या परिसरात असे ढीगभर जीवाश्म गोळा केले आणि १८६० मध्ये त्यातल्या शंखशिंपल्यांवर सविस्तर लिहिलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

या गोगलगाई दगडात गेल्या कशा? साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये ज्वालामुखीचा लाव्हा पसरत होता. आपण 'काळा पाषाण' म्हणतो तो बेसॉल्ट म्हणजे हाच थिजलेला लाव्हा. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. अख्खा जालना जिल्हा त्याच्यावरच बसलाय. पण लाव्हा सलग वाहिला नाही. एक थर आला, थंडावला, मग मध्ये शेकडो-हजारो वर्षं काहीच नाही. तेवढ्या वेळात खोलगट जागी पाणी साठलं, तळी झाली, गवत आलं, मासे आले, बेडूक आले, गोगलगाई आल्या. त्या मेल्या आणि तळाच्या गाळात बसल्या. मग वरून पुढचा लाव्हा आला आणि झाकण लागलं. दोन लाव्ह्यांच्या मधला हा गाळाचा थर म्हणजे सँडविचमधली चटणीच म्हणा ना.

मुंबईकरांनो, तुमच्या वरळीच्या टेकडीतसुद्धा असाच थर होता. त्यात सापडलेल्या चिमुकल्या बेडकाचं वर्णन लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं. समोर अरबी समुद्र आणि दगडात डबक्यातला बेडूक!

शंखाचा दगड होतो म्हणजे काय होतं?

रूममेटला मी फोनवर सरळ विचारलं, "समुद्रावर एवढे शंख पडलेले असतात. मग सगळ्यांचेच दगड का होत नाहीत?"

ती म्हणाली, "तू हर्णैला गेली होतीस ना? तिथे काय पाहिलंस?"

मी पाहिले होते तुकडे. ढीगभर तुकडे. गोगलगाय मेली की मऊ शरीर काही दिवसांत सडतं किंवा कुणीतरी खातं. उरतं कवच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या भाषेत चुना. लाट ते आपटते, वाळू ते घासते. एक जातीचे स्पंज त्याला बारीक भोकं पाडून पोखरतात. काही शंखांत खेकडे भाडेकरू म्हणून शिरतात आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन भलतीकडेच फिरतात. म्हणजे शंख जिथे सापडला तिथेच ती गोगलगाय जगली, असंही म्हणता येत नाही.

सगळ्यात वाईट नशीब खडकाळ किनाऱ्यावरच्या गोगलगाईंचं. ओहोटीला खडकांना चिकटलेल्या दिसतात ना, त्या. तिथे गाळ साचत नाही, उलट खडकच झिजत असतो. झाकायला माती नाही, म्हणजे जपणूक नाही. त्यांच्यातली एखादी मेल्यावर वाहत शेजारच्या वाळूत किंवा खाडीच्या चिखलात जाऊन पडली, तरच तिला चान्स. खाडीच्या चिखलात राहणाऱ्या गोगलगाईंचं बरं असतं. मेल्या जागीच त्या पुरल्या जातात.

आणखी एक गंमत. बीचवर तुम्ही मूठभर शंखशिंपले उचलता तेव्हा ते सगळे एकाच सीझनचे वाटतात. पण त्यातला एक गेल्या पावसाळ्यातला असू शकतो आणि दुसरा शेकडो वर्षांपूर्वीचा. लाटा जुने उकरतात आणि नव्यात मिसळतात. दगडात सापडलेला किनाऱ्याचा थर हा एका दिवसाचा फोटो नसतो. अनेक पिढ्यांचा ग्रुप फोटो असतो, ज्यात आजोबा आणि नातू एकाच वयाचे दिसतात.

पुरल्यानंतरही परीक्षा संपत नाही. बहुतेक गोगलगाईंचं कवच चुन्याच्या ज्या प्रकाराचं असतं त्याला ॲरागोनाइट म्हणतात. तो टिकायला कच्चा. कालवांचं कवच मुख्यतः कॅल्साइटचं, ते जास्त पक्कं. म्हणून काही दगडांत कालवं जशीच्या तशी दिसतात आणि शेजारच्या गोगलगाईच्या जागी नुसती पोकळी असते. जमिनीतलं पाणी जरा आंबट असलं की ॲरागोनाइट विरघळतं. तेवढ्यात भोवतालचा गाळ घट्ट झालेला असेल तर साचा उरतो. साचाही नसेल, तर काहीच उरत नाही.

साचा उरला की पुढे तीन रस्ते. एक, शंखाच्या आत शिरलेला चिखल कडक होतो आणि आतल्या पोकळीचा ठसा तयार होतो, मोदकाच्या साच्यातून मोदक निघावा तसा. दोन, कच्चा ॲरागोनाइट हळूहळू पक्क्या कॅल्साइटमध्ये बदलतो, आकार तोच राहतो. तीन, चुना जातो आणि त्याच्या जागी पाण्यातली सिलिका बसते, म्हणजे गारगोटी. मामाच्या दगडात हेच झालं होतं. नागपूरकडच्या त्या तळ्यांच्या गाळात सिलिका भरपूर मुरली, म्हणून तिथल्या गोगलगाई अशा काचेसारख्या टणक झाल्या.

आपल्या कोकणात यातली पहिली पायरी उघड्या डोळ्यांनी बघता येते. किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने एकमेकांना चिकटून खडक झालेले दिसतात. वय फक्त काही हजार वर्षं. हर्णैच्या ट्रिपमध्ये मी कदाचित अशाच एखाद्या खडकावर बसून वडापाव खाल्ला असेन. सेल्फी काढला, खाली नाही बघितलं.

रविवार, भोकरदन

रात्रीची गाडी पकडून पहाटे जालना. मग एस.टी. राजूरच्या गणपतीला बसमधूनच हात जोडले. पर्समध्ये हर्णैचा एक शंख, लिंबू, भिंग आणि मोबाइलमध्ये फिश टँकचे बारा फोटो. प्रेझेंटेशनची तयारी म्हणाल तर क्लायंट मीटिंगपेक्षा जास्त!

मामा बागेत होता. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. मामाची निम्मी गेली. त्याने पुन्हा लावली. यंदा दोन बोअर मारले, दोन्ही कोरडे. हे सगळं मला माहीत होतं, पण बांधावर उभं राहून बघितल्यावर कळलं की दोन कोटींवर त्याचा विश्वास का बसला. त्याला लोभ नव्हता सुटला. तो थकला होता.

जेवण झाल्यावर दगड समोर ठेवला. मी माझं प्रेझेंटेशन सुरू केलं. हर्णैच्या शंखाचा तुकडा खरवडून त्यावर लिंबू पिळलं. भिंगातून बारीक बुडबुडे दिसले. चुना आणि आंबट एकत्र आलं की असं होतं. मग मामाच्या दगडाच्या कोपऱ्यावर लिंबू पिळलं. काही नाही. मामेबहीण म्हणाली, "म्हणजे हा शंख नकली?"

"नकली नाही. कवचाचा चुना केव्हाच गेलाय. आकार गोगलगाईचा आणि माल गारगोटीचा."

मामा म्हणाला, "पार्टी पण तेच म्हनती, दगड झालाय. म्हनून तर भाव."

पहिली फेरी मामाने जिंकली. खरंच होतं, लिंबाने फक्त एवढंच सिद्ध होतं की कवच बदललंय. मूळ शंख कुठला होता, हे लिंबू नाही सांगत.

मग मी देवघरातला पूजेचा शंख मागितला. शंखाच्या आतल्या दांडीवर तीन-चार ठसठशीत वळ्या असतात, बोट घातलं की लागतात. दगडातल्या एका फुटक्या शंखाची दांडी दिसत होती. भिंगाने पाहिली, तर साफ गुळगुळीत. मामाने दोन्ही पाहिलं, पण बोलला नाही.

शेवटी मोबाइल पुढे केला. "हे माझ्या ऑफिसातले. बघा, तोंड कुणीकडं?"

मामाने एक-एक फोटो सरकवला. मग दगड उचलला आणि प्रथमच नुसत्या वर आलेल्या त्या एका शंखाकडे न बघता, बाकीच्यांकडे बघायला लागला. दगड फिरवून फिरवून त्याने मोजले. आठ होते. ज्यांचं तोंड दिसत होतं ते पाच. पाचही डावीकडे.

"पार्टी म्हनली, लाखात एक निघतो."

"हो."

"मग एका दगडात पाच कसे?"

मी गप्प बसले. मामाच पुढे बोलला, "झाडाला एखादं मोसंबं येगळं येतं, आपन म्हनतो नवल झालं. पन सगळ्या बागेला तसंच आलं, तर ते नवल नसतं. ती जातच येगळी असती."

दोन दिवस मी स्लाइड्स जुळवत होते, आणि मामाने एका वाक्यात निकाल लावला. मामी आतून म्हणाली, "माझ्या भावानं दिलेला दगड आहे, इकायचा नव्हताच." त्या पार्टीला मामाने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडचा माणूस आधी गोड बोलला, मग फी तीस हजारांवर आली, मग वीस, आणि मग फोन कट. दोन कोटींचा माल ज्याला हवा असतो, तो वीस हजारांसाठी घासाघीस करतो का? तुम्हीच सांगा.

मग जालन्यात समुद्र कधीच नव्हता?

हा प्रश्न मामेबहिणीचा. आपण ज्याच्यावर उभे आहोत तो लाव्हा, त्यात समुद्री शंख जपले जायचा प्रश्नच नाही. समुद्राचे पुरावे दख्खनच्या कडेने मिळतात. मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात बाघजवळ समुद्री जीवांचे जीवाश्म आहेत. आंध्रात राजमहेंद्रीजवळ बेसॉल्टच्या खालच्या चुनखडकात टुरिटेला नावाच्या मळसूत्री समुद्री गोगलगाई आहेत.

तरीही समुद्री गोगलगाय भोकरदनला आली होती. वेगळ्या वाटेने.

संध्याकाळी मामा मला केळना नदीच्या बाजूने घेऊन गेला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या शिलालेखांत या गावचे दानशूर लोक भेटतात. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. सातवाहन काळातले मणी, शंखाच्या वस्तू आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. ही मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी इतकी मिळतीजुळती आहे की अभ्यासक दोघींना शेजारी ठेवतात. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे त्याच्या आधीच भारतातली कारागिरी समुद्र ओलांडून गेली होती!

मामा म्हणाला, लहानपणी पावसाळ्यानंतर पांढरीवर बांगड्यांचे पांढरे तुकडे वर यायचे आणि पोरं त्यांनी खेळायची. शंख आडवा कापला की एकेक बांगडी निघते. किनाऱ्यावर जगलेली गोगलगाय बैलगाडीतून शेकडो मैल आत आली, कुणाच्या तरी मनगटावर चढली, फुटली आणि गावाच्या मातीत गेली. दोन हजार वर्षांनीही ती तिथे आहे, कारण कुणीतरी तिच्यावर माती टाकली, घरं बांधली, पुन्हा माती टाकली. लाटांपासून लांब. जपणुकीचा नियम इथेही तोच, लवकर झाकलं गेलं पाहिजे.

फक्त एक फरक. आणखी लाखो वर्षांनी कुणी हा थर खोदला, तर त्याला वाटेल की इथे समुद्र होता. मग त्याला कापल्याच्या खुणा दिसतील आणि कळेल की समुद्र नव्हता, बाजारपेठ होती.

"आन हे असलं किती गेलं असंल," मामा म्हणाला. "विहिरी खांदल्या, शेततळी खांदली, पांढरीची माती ट्रॅक्टरनं वावरात टाकली. कोन बघतं?" त्याचं खरं आहे. मामीच्या भावाच्या विहिरीतून निघालेल्या ढिगातला एकच दगड देवघरात आला. बाकीचा ढीग रस्त्याच्या भरावात गेला.

सोमवारी सकाळी मामेबहीण फी भरायला गेली. दगड देवघरातून निघाला आणि पंधरा दिवसांसाठी गावच्या शाळेत गेला. गुरुजींनी मागितला होता. मामाने एकच अट घातली, पोरांनी आधी शंख मोजायचे, मग विचारायचं.

मी मंगळवारी ऑफिसात आले तेव्हा रिसेप्शनचा फिश टँक साफ करायला माणूस आला होता. काचेवरच्या गोगलगाई तो खरवडून बादलीत टाकत होता. मी म्हटलं, "दोन राहू द्या."

तुम्हीही करून बघा

• शंख ओळखा: टोक वर, तोंड तुमच्याकडे. तोंड उजवीकडे आलं तर उजवा, डावीकडे आलं तर डावा. ओळखीचे दहा शंख तपासा, डावा निघणं अवघड. फिश टँकच्या गोगलगाई मात्र तुम्हाला चकवतील.

• लिंबू टेस्ट: बीचवरच्या फुटक्या शिंपल्यावर किंवा अंड्याच्या कवचावर लिंबू किंवा व्हिनेगर टाका आणि भिंगातून बुडबुडे बघा. जुन्या वस्तूंवर आणि जीवाश्मांवर हा प्रयोग करू नका, त्या खराब होतात.

• कोकणात गेलात तर: ओहोटीच्या वेळी खडकावरच्या गोगलगाई आणि वाळूतले शंख वेगवेगळे पाहा. कुठल्या टिकतील आणि कुठल्या नाही, याची पैज लावा.

• गावाकडे विहीर किंवा शेततळं खोदत असतील तर: पांढरट थरातला दगड फेकण्याआधी दोन्ही बाजूंनी बघा. काही दिसलं तर जागा आणि खोली लिहून ठेवा, फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला दाखवा. जागा माहीत नसलेला जीवाश्म म्हणजे पत्ता नसलेलं पत्र.

• आणि कुणी टेस्टिंगची फी आगाऊ मागितली, तर घरातल्या सगळ्यांना ते मोठ्याने सांगा. अशा सौद्यात 'कुणाला सांगू नको' हीच पहिली अट असते.